तीन दिवसांचे मुख्य न्यायमूर्ती : न्यायमूर्तींचा कार्यकाळ वयाने ठरावा की वर्षांनी?

खोताची_वाडी (धागाकर्ता)

२८ मे २०२३ या रविवारी न्यायमूर्ती रमेश धानुका यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून शपथ घेतली आणि वयाची ६२ वर्षे पूर्ण होत असल्यामुळे ३० मे रोजी ते निवृत्त झाले. त्याआधी दशकभराहून अधिक काळ ते याच न्यायालयात न्यायमूर्ती होते, त्यामुळे त्यांच्या योग्यतेविषयी किंतु बाळगण्याचे काहीच कारण नाही. माझा प्रश्न पदाविषयी आहे. मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा येथे ज्याची खंडपीठे आहेत आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही ज्याचे सर्किट बेंच (फिरते पीठ) बसते, त्या न्यायालयाच्या प्रमुखाने तीन दिवसांत काय हाती घ्यावे आणि काय तडीस न्यावे? २०२० मध्ये न्यायमूर्ती भूषण धर्माधिकारी यांच्या वाट्याला हेच पद मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलअखेरपर्यंत आले, म्हणजे जेमतेम पाच आठवडे, आणि तेही टाळेबंदीचे. याउलट न्यायमूर्ती मोहित शहा २०१० ते २०१५ अशी पाच वर्षे मुख्य न्यायमूर्ती होते.

नियम थोडक्यात सांगतो, कारण चर्चेत त्यांची नेहमी सरमिसळ होते. संविधानाच्या अनुच्छेद १२४ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत आणि अनुच्छेद २१७ नुसार उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षापर्यंत पदावर राहतात. सरन्यायाधीशांना किंवा मुख्य न्यायमूर्तींना वेगळी मुदत नाही. त्यांचे वय भरले की पद संपते. सरकारी कर्मचारी ज्या महिन्यात वयोमर्यादा गाठतो त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. न्यायमूर्तींना महिनाअखेरीची ही सवलत नाही, आणि वाढदिवसाचा आदला दिवस हाच त्यांचा शेवटचा दिवस असतो. न्यायमूर्ती उदय लळित यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५७ चा, म्हणून सरन्यायाधीशपदावरून ते ८ नोव्हेंबर २०२२ रोजी निवृत्त झाले. न्यायमूर्ती भूषण गवई यांचा जन्म २४ नोव्हेंबर १९६० चा, म्हणून त्यांचा शेवटचा दिवस २३ नोव्हेंबर २०२५ हा ठरला.

सर्वात ज्येष्ठ न्यायमूर्तीला सरन्यायाधीश करण्याचा संकेत आणि वयाची अट या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की कार्यकाळ निव्वळ जन्मतारखेच्या हिशेबावर पडतो. पुण्यात जन्मलेले यशवंत चंद्रचूड २२ फेब्रुवारी १९७८ ते ११ जुलै १९८५ असे सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश होते. इतका दीर्घ काळ नंतर कोणालाही मिळालेला नाही. न्यायमूर्ती कमल नारायण सिंह १९९१ मध्ये २५ नोव्हेंबर ते १२ डिसेंबर एवढेच त्या पदावर होते. मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या जे. सी. शाह यांना १९७०-७१ मध्ये सव्वा महिन्याच्या आसपास, तर लळित यांना अडीच महिन्यांहून थोडेच कमी दिवस मिळाले.

माझे मत असे की वयाची कमाल मर्यादा हवीच, परंतु न्यायालयाच्या प्रमुखपदासाठी किमान मुदतही हवी, निदान दोन वर्षांची. आणि ज्याच्या सेवेत तेवढा काळ शिल्लक नाही, त्याच्या ज्येष्ठतेचा मान अन्य मार्गाने राखला जावा. शिवाय उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांच्या निवृत्तीवयातला तीन वर्षांचा फरक का टिकवून ठेवला आहे, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कुठे वाचायला मिळालेले नाही. या विषयातल्या जाणकारांनी आणि विशेषतः न्यायालयात रोज वावरणाऱ्यांनी लिहावे, अशी विनंती आहे.

---

ओव्हलकाठचा_वकील

धाग्याबद्दल आभार. वर्तमानपत्रात निवृत्तीची बातमी दोन ओळींची असते, परंतु वकिलांच्या कामकाजावर तिचा परिणाम काही महिने आधीपासून सुरू होतो, त्याविषयी लिहितो.

एखाद्या न्यायमूर्तींची निवृत्ती जवळ आली की मोठ्या, अनेक दिवस चालणाऱ्या अंतिम सुनावण्या त्यांच्यापुढे सुरू करण्यास वकील आणि न्यायमूर्ती दोघेही कचरतात, कारण सुनावणी अर्धवट राहिली तर सगळेच पाण्यात जाते. युक्तिवाद संपून निकाल राखून ठेवलेला असेल आणि तो जाहीर होण्याआधी न्यायमूर्ती निवृत्त झाले, तर ते प्रकरण नव्या पीठापुढे पहिल्यापासून ऐकावे लागते. आधीच्या न्यायमूर्तींनी काढलेली टिपणे, विचारलेले प्रश्न, मनाशी बांधलेले मत, यांतले काहीही पुढे जात नाही.

माझ्या एका वयोवृद्ध पक्षकार बाईंच्या भाडेकरू-दाव्याच्या अपिलात हेच घडले. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद संपले होते, लेखी निवेदने दाखल झाली होती, आणि कागदपत्रांच्या संकलनातल्या महत्त्वाच्या पानांच्या कडांना लावलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर न्यायमूर्तींनी विचारलेल्या प्रश्नांचे आकडे आम्ही लिहून ठेवले होते. निकाल राखून ठेवला गेला, न्यायमूर्ती निवृत्त झाले, आणि प्रकरण पुन्हा बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, लागले तेव्हा नव्या पीठाने साहजिकच पहिला प्रश्न विचारला की मूळ भाडेपावती कोणाच्या नावावर आहे. त्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या फेरीत सकाळच्या पहिल्याच तासात देऊन झाले होते. बाईंनी बाकावरून मला खुणेनेच विचारले की हे पुन्हा का सांगता आहात, आणि मला त्यांना बाहेर कॉरिडॉरमध्ये नेऊन समजावून सांगावे लागले. कोणाची चूक म्हणावी असे त्यात काही नव्हते. निवृत्तीची तारीख आधीपासून माहीत होती, तरीही तिच्याभोवती कामाची आखणी झाली नव्हती, एवढेच.

मुख्य न्यायमूर्ती बदलण्याचा परिणाम याहून व्यापक असतो. कोणत्या पीठाने कोणत्या प्रकारची प्रकरणे ऐकायची हे ठरवण्याचा अधिकार, म्हणजे रोस्टर, मुख्य न्यायमूर्तींकडे असतो. नव्या न्यायमूर्तिपदांसाठी नावे सुचवणे, प्रशासकीय समित्या नेमणे, इमारतींविषयी सरकारशी बोलणी करणे ही कामेही त्यांचीच. प्रमुख वारंवार बदलला की उच्च न्यायालयाच्या बांद्र्यातील नव्या संकुलासारखा दीर्घ पल्ल्याचा विषय प्रत्येकाला नव्याने समजून घ्यावा लागतो. त्यामुळे किमान मुदतीच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे.

मात्र घड्याळ समोर असताना असामान्य काम झाल्याचाही एक दाखला आहे. केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींचे पीठ होते, मुंबईचे नानी पालखीवाला याचिकाकर्त्यांच्या बाजूने उभे होते आणि सुनावणी १९७२ च्या ऑक्टोबरअखेरीपासून १९७३ च्या मार्चपर्यंत चालली. सरन्यायाधीश सिक्री २५ एप्रिल १९७३ रोजी निवृत्त होणार होते, म्हणून निकाल २४ एप्रिलला दिला गेला. सात विरुद्ध सहा अशा मतांनी संविधानाच्या मूलभूत संरचनेचे तत्त्व, म्हणजे घटनादुरुस्तीनेही संविधानाचा गाभा बदलता येत नाही हे तत्त्व, मान्य झाले. सिक्री निवृत्त झाले असते, तर तेरा जणांचे पीठ पुन्हा जमवून साऱ्या युक्तिवादांना नव्याने आरंभ करावा लागला असता, आणि त्यातून काय निष्पन्न झाले असते हे कोण सांगणार?

---

चर्चगेट_लोकल

माहितीपूर्ण धागा. जिल्हा न्यायाधीशांचे निवृत्तीवय किती असते? आणि ‘अतिरिक्त न्यायमूर्ती’ असे बातम्यांत वाचतो, त्यांचा कार्यकाळ वेगळा असतो का?

---

ओव्हलकाठचा_वकील

जिल्हा न्यायाधीशांसाठी ६० वर्षे. पूर्वी ५८ होती; ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकाच्या आरंभी ती वाढवली, मात्र ५८ व्या वर्षी कामाचे मूल्यमापन करण्याची अट ठेवून.

अतिरिक्त न्यायमूर्तींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अनुच्छेद २२४ नुसार साचलेल्या कामासाठी जास्तीत जास्त दोन वर्षांकरिता अतिरिक्त न्यायमूर्ती नेमता येतात. प्रत्यक्षात आता जवळपास प्रत्येकाची सुरुवात अतिरिक्त म्हणूनच होते आणि यथावकाश कायम नेमणूक मिळते. म्हणजेच मुलाखतीशिवायचा, परंतु अनिश्चिततेने भरलेला असा एक परिविक्षाकाळच उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला काढावा लागतो. या अनिश्चिततेची किंमत मुंबईने पाहिलेली आहे. आणीबाणीत न्यायमूर्ती यू. आर. लळित यांना येथे कायम करण्यात आले नाही. पुढे सरन्यायाधीश झालेले उदय लळित हे त्यांचेच पुत्र. मार्च १९८१ मध्ये तत्कालीन कायदामंत्र्यांनी परिपत्रक काढून अतिरिक्त न्यायमूर्तींकडून दुसऱ्या राज्यातील नेमणुकीस संमती मागवली, तेव्हा त्याला पहिले आव्हान मुंबई उच्च न्यायालयातच इक्बाल छागला आणि इतर वकिलांनी दिले. तेच प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात एस. पी. गुप्ता या नावाने गाजले. ज्याची पुढची दोन वर्षे सरकारच्या किंवा न्यायवृंदाच्या (नेमणुकांसाठी नावे सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाच्या) मर्जीवर अवलंबून आहेत, त्याने सरकारविरुद्धच्या याचिका निर्धास्तपणे ऐकाव्यात ही अपेक्षा रास्त असली तरी जड आहे. मला विचाराल तर निवृत्तीवयाच्या आधी हा प्रश्न सोडवला पाहिजे.

---

सुमेधा_पार्ले

किमान मुदतीच्या सूचनेतला एक धोका मला दिसतो आणि तो स्त्रियांच्या बाबतीत ठळक आहे.

सध्याची ज्येष्ठता कायम राहिली, तर न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना सप्टेंबर २०२७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील. त्यांची जन्मतारीख ३० ऑक्टोबर १९६२ आहे, म्हणजे त्यांच्या हाती साधारण पाच आठवडे असतील. खोताची_वाडी यांनी सुचवलेली दोन वर्षांची अट आज लागू केली, तर ते पाच आठवडेही हातचे जातील. स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे उलटल्यावर येऊ घातलेली ही घटना एका प्रशासकीय सोयीसाठी पुसली जावी, हे मला मान्य होणार नाही.

मुळात स्त्रिया त्या पदापर्यंत उशिरा का पोहोचतात, इकडे पाहायला हवे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सुजाता मनोहर १९७८ साली नेमल्या गेल्या आणि १९९४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती झाल्या, त्याही काही महिन्यांपुरत्या. सर्वोच्च न्यायालयात पहिली स्त्री, न्यायमूर्ती फातिमा बीवी, १९८९ मध्ये पोहोचली. वकिली व्यवसायात जम बसायला जी वर्षे लागतात, तीच बहुतेक जणींची मुलांच्या संगोपनाची वर्षे असतात. त्यामुळे त्यांच्या नावाचा विचार पुरुषांपेक्षा उशिरा होतो, नेमणूक उशिरा होते, आणि निवृत्तीवय मात्र सर्वांना सारखे असल्यामुळे वरच्या पायऱ्यांसाठी वर्षे उरत नाहीत. नेमणूक पंचेचाळिशीच्या आसपास झाली, तरच पुढचे हिशेब जुळतात.

दुसरे म्हणजे, निवृत्तीवय सरसकट वाढवले की वरची जागा तीन वर्षे उशिरा रिकामी होईल आणि खालच्या पिढीची वाट तेवढीच लांबेल. रिक्त जागा भरल्या जात नसताना असलेल्यांनाच थांबवून घेणे हा सोपा उपाय वाटतो, आणि तेवढ्यासाठीच त्याबद्दल सावध राहावे.

---

जुनी_दफ्तरे

६०, ६२ आणि ६५ हे आकडे आले कुठून, हे पाहिले तर निम्मा गुंता सुटतो.

१८६१ च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे उच्च न्यायालये स्थापन करण्याची तरतूद झाली, तेव्हा न्यायमूर्ती राणीची मर्जी असेपर्यंत पदावर राहात. वयाची अट त्यात नव्हती. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ मध्ये पदावर असतानाच गेले, त्यांच्या जागी आलेले महादेव गोविंद रानडे जानेवारी १९०१ मध्ये पदावर असतानाच गेले आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांचेही १९०६ मध्ये तसेच झाले. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने उच्च न्यायालयांसाठी ६० आणि नव्या फेडरल कोर्टासाठी (सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्वीचे केंद्रीय न्यायालय) ६५ अशा मर्यादा घातल्या. संविधानाने हे दोन्ही आकडे जवळपास जसेच्या तसे उचलले. उच्च न्यायालयांचे ६० चे ६२ झाले ते १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने. त्याच वेळी न्यायमूर्तींच्या वयाविषयी वाद उद्भवल्यास तो सरन्यायाधीशांच्या सल्ल्याने राष्ट्रपतींनी सोडवावा, अशी तरतूदही झाली. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मित्तर यांच्या जन्मसालाचा वाद १९०१ की १९०४ या प्रश्नावर पुढे अनेक वर्षे चालला. ज्या व्यवस्थेत सारे काही जन्मतारखेवर अवलंबून असते, तिथे असे वाद होणारच.

संविधान सभेत २४ मे १९४९ रोजी या विषयावर चांगली चर्चा झाली आहे आणि ती मुळातून वाचण्यासारखी आहे. काही सदस्यांना सर्वोच्च न्यायालयासाठीही ६० ची मर्यादा हवी होती. पंडित नेहरूंनी त्याला विरोध करताना असे मांडले की अत्युच्च दर्जाची माणसे जिथे लागतात, तिथे वयाची रेषा फार अलीकडे ओढल्यास नेमकी तीच माणसे गमावण्याची भीती असते, आणि त्यासाठी त्यांनी थोर शास्त्रज्ञांचे उदाहरण दिले. त्या काळी भारतीयांचे सरासरी आयुर्मान आजच्या तुलनेत फारच कमी होते, हे लक्षात घेतले तर ६५ हा आकडा तेव्हा किती उदार होता हे कळते. आज तो तसा राहिलेला नाही.

६२ आणि ६५ यांतला फरक मिटवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. न्यायमूर्ती व्यंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००२ मध्ये उच्च न्यायालयांसाठी ६५ आणि सर्वोच्च न्यायालयासाठी ६८ वर्षे सुचवली. २०१० मध्ये उच्च न्यायालयांचे वय ६५ करणारे ११४ वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले, ते मंजूर न होताच २०१४ मध्ये लोकसभेबरोबर संपुष्टात आले. २०२३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने पुन्हा वय वाढवण्याची शिफारस केली.

---

खोताची_वाडी (धागाकर्ता)

सुमेधाताई, आपला आक्षेप मला पटतो. कोणतीही किमान मुदत आज पदावर असलेल्यांना लागू न करता, बदलानंतर नेमल्या जाणाऱ्या न्यायमूर्तींनाच लागू व्हावी, अशी दुरुस्ती मी माझ्या सूचनेत करतो. तसे केले तर २०२७ च्या क्रमाला धक्का लागणार नाही.

परंतु तरुण पिढीच्या वाटेबद्दल मी थोडे वेगळे म्हणेन. आज उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींपुढे साठीच्या आसपास एक विचित्र काळ येतो. सर्वोच्च न्यायालयात निवड झाली तर आणखी तीन वर्षे मिळतात, न झाली तर ६२ व्या वर्षी घरी जावे लागते. माणूस कितीही सच्चा असला, तरी त्याच्या कामाच्या सर्वात परिपक्व काळात असे आमिष समोर टांगलेले असणे चांगले नाही. दोन्ही न्यायालयांचे वय ६५ केले, तर सर्वोच्च न्यायालयात जाणे ही मुदतवाढ राहणार नाही, आणि ज्यांना आपल्याच उच्च न्यायालयात राहून काम करायचे आहे त्यांनाही ते सन्मानाने करता येईल.

---

रुईया_नाका

परदेशांतील व्यवस्था पाहिल्या तर ‘वय की वर्षे’ या प्रश्नाची तीन उत्तरे दिसतात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वयाची अटच नाही; वर्तन चांगले असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात तहहयात, न्यायमूर्ती पदावर राहतात. रूथ बेडर गिन्सबर्ग सप्टेंबर २०२० मध्ये ८७ व्या वर्षी पदावर असतानाच वारल्या आणि निवडणुकीला जेमतेम आठवडा उरला असताना त्यांची जागा भरली गेली. ज्या व्यवस्थेत राजीनामा किंवा मृत्यू कोणत्या राष्ट्राध्यक्षाच्या काळात येतो यावर देशाच्या कायद्याची दिशा ठरते, ती आपल्याला नको. ब्रिटनमध्ये वयाची अट आहे. ती २०२२ मध्ये ७० वरून ७५ करण्यात आली. जर्मनीच्या संविधान न्यायालयात मात्र १२ वर्षांची एकच मुदत मिळते, फेरनेमणूक होत नाही आणि वयाची मर्यादा ६८ आहे. धागाकर्त्यांच्या कल्पनेच्या जवळ जाणारे हे प्रतिमान मला सर्वात निर्दोष वाटते, कारण त्यात न्यायमूर्तीला मिळणारा काळ पहिल्या दिवशीच ठरलेला असतो.

आपण ज्यावर पुरेसे बोललो नाही, तो मुद्दा वय बदलण्याच्या हेतूचा आहे. हंगेरीने न्यायाधीशांचे निवृत्तीवय ७० वरून एकदम ६२ वर आणले आणि पोलंडने २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे ७० वरून ६५ केले. दोन्ही ठिकाणी नको असलेले न्यायाधीश घालवण्यासाठी हे झाल्याचा आरोप होता, आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने अनुक्रमे २०१२ आणि २०१९ मध्ये ते नियमबाह्य ठरवले. वाढवण्यातही तोच धोका असतो. बांगलादेशात २००४ मध्ये निवृत्तीवय ६५ चे ६७ झाले. तेव्हाच्या तरतुदीनुसार शेवटचे निवृत्त सरन्यायाधीश निवडणूककाळातील काळजीवाहू सरकारचे प्रमुख होत असत, त्यामुळे ठरावीक व्यक्ती त्या पदावर यावी म्हणूनच ही वाढ केली, असा आरोप विरोधकांनी केला. २००६ च्या अखेरीस रस्त्यांवर हिंसाचार झाला आणि जानेवारी २००७ मध्ये आणीबाणी आली. म्हणून आपल्याकडे बदल झाला तर तो पुढील नेमणुकांनाच लागू व्हावा, ही अट मला अत्यावश्यक वाटते.

---

शिवाजी_पार्क_कट्टा

कार्यकाळ संपल्यावर काय, हा प्रश्न या धाग्यात यायलाच हवा, कारण शेवटच्या वर्षातील स्वातंत्र्य त्यावरही अवलंबून असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींना भारतातील कोणत्याही न्यायालयात वकिली करता येत नाही. उच्च न्यायालयाच्या कायम न्यायमूर्तींना सर्वोच्च न्यायालयात आणि ज्या उच्च न्यायालयांत त्यांनी काम केले नाही तिथे करता येते. सरकारी नेमणुकांवर मात्र बंदी नाही. १९४९ च्या चर्चेत मुंबईचे अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शाह यांनी अशी बंदी सुचवली होती. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारताना दिलेले कारण असे, की न्यायालयापुढचे बहुसंख्य वाद नागरिकां-नागरिकांमधले असतात आणि सरकारला त्यांच्यात फारसे स्वारस्य नसते. तेव्हाच्या परिस्थितीत ते खरे होते. आज सरकार हाच देशातील सर्वात मोठा पक्षकार आहे, आणि त्यामुळे या प्रश्नाकडे नव्याने पाहायला हवे. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ मध्येच निवृत्तीनंतरच्या सरकारी नेमणुकांविषयी कडक भूमिका घेतली होती.

न्यायमूर्ती रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि मार्च २०२० मध्ये राज्यसभेवर नामनियुक्त झाले; न्यायमूर्ती अब्दुल नझीर जानेवारी २०२३ मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात त्यांची राज्यपाल म्हणून नेमणूक झाली. भूषण गवई यांनी सरन्यायाधीश असतानाच निवृत्तीनंतर कोणतेही सरकारी पद घेणार नसल्याचे जाहीर केले, हे मला फार मोलाचे वाटते. अडचण अशी की लोकपाल, मानवाधिकार आयोग आणि अनेक न्यायाधिकरणे यांच्या कायद्यांतच माजी न्यायमूर्ती हवेत असे लिहिलेले आहे, त्यामुळे सरसकट बंदी घातली तर या संस्था कशा चालवायच्या हा प्रश्न उभा राहतो. निदान दोन वर्षांचे अंतर सक्तीचे करता येईल. निवृत्तीवय वाढवले आणि निवृत्तिवेतन पुरेसे केले, तर अशा नेमणुकांची ओढही कमी होईल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांच्या सर्व निवृत्त न्यायमूर्तींना, अतिरिक्त न्यायमूर्तींसह, पूर्ण निवृत्तिवेतन देण्याचा निर्णय दिला, तो या दृष्टीने योग्य दिशेचा आहे.

---

चर्चगेट_लोकल

एवढी सर्वसंमती असेल तर वय बदलायला नेमके अडते कुठे? संसदेत साध्या बहुमताने हे होणार नाही का?

---

ओव्हलकाठचा_वकील

नाही. अनुच्छेद ३६८ नुसार संघाची न्याययंत्रणा आणि उच्च न्यायालये यांविषयीच्या प्रकरणांत बदल करायचा असेल, तर संसदेच्या दोन्ही सभागृहांतील विशेष बहुमताखेरीज किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मान्यता लागते. एवढे सर्व पार पाडून आलेली न्यायमूर्तींच्या नेमणुकांसाठीच्या न्यायिक नियुक्ती आयोगाची ९९ वी घटनादुरुस्तीही १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. सरकार आणि न्यायालय यांचा एकमेकांवर पुरेसा विश्वास असल्याशिवाय कोणीही पुन्हा त्या वाटेने जाणार नाही.

घटनादुरुस्तीशिवाय होण्यासारख्या मात्र दोन गोष्टी आहेत. पहिली, अनुच्छेद २२४अ नुसार निवृत्त न्यायमूर्तींना त्यांच्या संमतीने पुन्हा न्यायासनावर बसवता येते. २०२१ पर्यंत ही तरतूद १९७२, १९८२ आणि २००७ मध्ये मिळून तीनदाच वापरली गेली होती. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रलंबित फौजदारी अपिलांसाठी तिच्या अटी सैल केल्या आहेत. जन्मठेप भोगत असलेल्या कैद्याचे अपील वर्षानुवर्षे बोर्डावर येत नाही, तेव्हा अनुभवी निवृत्त न्यायमूर्तींचा असा उपयोग करून घेण्यात कोणाचीही वाट अडत नाही, त्यामुळे सुमेधाताईंच्या आक्षेपालाही इथे जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. उच्च न्यायालयातील जागा रिकामी होण्याच्या किमान सहा महिने आधी मुख्य न्यायमूर्तींनी नव्या नावांचा प्रस्ताव पाठवावा, असे नेमणुकांच्या कार्यपद्धतीतच लिहिलेले आहे. न्यायमूर्ती ज्या दिवशी शपथ घेतात, त्याच दिवशी त्यांच्या निवृत्तीची तारीख सर्वांना माहीत असते. आपल्या उच्च न्यायालयात न्यायमूर्तींची ९४ पदे मंजूर आहेत. त्यांतले कोण कोणत्या महिन्यात निवृत्त होणार, याची यादी कोणताही वकील कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात करू शकतो. तशी यादी संकेतस्थळावर लावावी, प्रत्येक नावापुढे पर्यायी नावाचा प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवला गेला आणि सध्या तो कोणाच्या टेबलावर आहे हे लिहावे, आणि निवृत्तीच्या तीन महिने आधीपासून त्या न्यायमूर्तींपुढे राखून ठेवलेले निकाल किती आहेत हेही दर आठवड्याला नोंदवावे. बार असोसिएशनच्या येत्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे. मसुदा तयार झाला की याच धाग्यावर टाकतो. सूचना असल्यास जरूर कळवाव्यात.